पांढरमाळची गैरसोय

इंदापूर तालुक्यातील सरकारी कर्मचाऱ्यांनी बेमुदत संप पुकारला त्याला महिना होत आला, तरी पांढरमाळ वस्तीला त्याचा पत्ता नव्हता. यात वस्तीची काही चूक होती असं म्हणता येणार नाही. संपाच्या आधी तिथे कोणी सरकारी माणूस येत नव्हता, आणि संप सुरू झाल्यावरही कोणी आला नाही. या दोन न येण्यांमधला फरक ओळखायला जे शिक्षण लागतं, ते देणारे गुरुजीही अर्थात आलेले नव्हते.

पांढरमाळ ही पळसदेवच्या पलीकडे, उजनीच्या फुगवट्याच्या काठाला, माळावर पसरलेली वस्ती. वाडवडील मेंढरांमागे फिरले. नव्वद सालानंतरची पिढी ऊस लावते, दूध घालते, नाहीतर लोणी देवकरला कारखान्यात पाळीवर जाते. कागदोपत्री इथे सरकार भरपूर होतं. शाळा होती, शाळेला गुरुजी होते. आरोग्य उपकेंद्राची खोली होती, तिला नर्सबाई होत्या. विजेचे खांब होते आणि खांबांना वायरमन होता. फक्त ही सगळी मंडळी बारामतीला राहायची. बारामतीला शाळा चांगल्या, नळाला पाणी वेळेवर, रस्त्याला दिवे. सरकारी माणसाला राहायला सरकार नीट चालतं असं गाव लागतं, हे कोणीही मान्य करील. तिथून पांढरमाळला यायचं म्हणजे भिगवणला गाडी बदलायची, पळसदेवला उतरायचं आणि पुढे पायी. पोचेपर्यंत परतीची गाडी सुटायची वेळ व्हायची. म्हणून ते घरूनच परत जात.

वस्तीनं मग आपलं आपण भागवलं होतं. दहावीची परीक्षा अनेकवार दिल्यामुळे ज्याचा अभ्यास पक्का झाला होता, तो दादासाहेब बिरोबाच्या देवळापुढे पोरांना पाढे शिकवायचा. वीज गेली की बिरू वाळक्या बांबूनं तारेला असा काही टोला मारायचा की ती मुकाट परत यायची. आणि बाळंतपणाला सारजाबाई होत्या. वस्तीत दोन पायांवर चालणारं जे काही होतं, त्यातलं निम्मं त्यांच्या हातावर जन्मलेलं. भांडण निघालं की त्या ज्याला-त्याला हे ऐकवत, आणि समोरच्याची बोलती बंद होई. ज्या बाईनं आपल्याला उलटं धरून पाठीत धपाटा घातलाय, तिच्याशी वाद घालणार तरी किती?

सारजाबाईंची लेक राजेश्वरी बावड्याला दिली होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन, नवससायास होऊन, आता कुठे तिला दिवस गेले होते आणि ती पहिलटकरीण माहेरी आली होती. सारजाबाई जमिनीवरून दोन बोटं वर चालत होत्या. जगाची बाळंतपणं केली, आता नातवंड आपल्याच हातावर उतरणार, याहून बाईच्या जातीला काय पाहिजे?

अशा सुखाच्या दिवसांत संप वस्तीवर येऊन पोचला.

तो जयवंतरावांच्या रूपानं आला. जयवंतराव हे तालुका कर्मचारी कृती समितीचे सरचिटणीस. मूळ नोकरी कोणत्या खात्यात, हे त्यांना चटकन सांगता येत नसे, कारण पुष्कळ वर्षं ते संघटनेच्याच कामात होते. त्यांच्यावर मोठा बाका प्रसंग आला होता. वर्तमानपत्रांनी छापलं होतं, ‘संपाचा जनजीवनावर कोणताही परिणाम नाही’. आणि वाटाघाटीला बसलेले साहेब म्हणाले होते की जनतेची गैरसोय झाल्याचं दाखवा, मग मागण्यांचं बघू. समितीनं गैरसोय शोधायला गावोगाव माणसं धाडली. सगळीकडून एकच निरोप आला, लोक मजेत आहेत. शेवटी कोणीतरी म्हणालं, पांढरमाळला बघा. त्यापेक्षा आडबाजूचं गाव तालुक्यात नाही, तिथले हाल नक्की कुत्रा खात नसेल.

जयवंतराव चिंतातुर चेहऱ्यानं देवळापुढे उभे राहिले. वस्तीचे वडीलधारे बिरदेवतात्या सामोरे आले, पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला.

"संपामुळे तुमची फार गैरसोय होत असेल," जयवंतराव म्हणाले.

"कसला संप वो?" तात्यांनी विचारलं.

"शाळा बंद आहे ना तुमची?"

"न्हाय की. त्यो काय दादासाहेब, शिकवतोय."

"विजेचे हाल असतील."

"बिरू हाय."

जयवंतरावांनी शेवटचा आधार धरला. "बायकांच्या बाळंतपणाचं तरी?"

"मी काय मेली का काय?" सारजाबाई आतून कडाडल्या.

जयवंतराव मटकन पायरीवर बसले. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं. आयुष्यभर आपण जनतेसाठी अत्यावश्यक आहोत असं समजून चाललेल्या माणसाला, जनतेला आपण गेल्याचंही कळलं नाही, हे एकदम समोर आलं तर दुसरं काय होणार! "तात्या, असं करू नका," ते म्हणाले, "आमची बायकापोरं आहेत. तुम्ही अडचणीत आला नाहीत तर आम्ही देशोधडीला लागू."

इथे पांढरमाळनं ती चूक केली, जी दुसऱ्या कुठल्या गावानं केली नसती. पाहुणा दारात रडला तर त्याला रिकाम्या हातानं माघारी धाडायचं नाही, ही मेंढरांमागं फिरतानाची जुनी रीत. परमुलखात दुसऱ्यांच्या दयेवर दिवस काढलेले लोक. दारात आलेल्याचं तोंड उतरलेलं त्यांना बघवत नाही.

"रडू नगा पाव्हणं," तात्या म्हणाले. "आमी काय करायला पायजे, तेवढं सांगा."

"काही करायचं नाही. हे जे तुम्ही स्वतःचं स्वतः भागवता ना, तेवढं फक्त थांबवायचं."

तात्यांनी घोंगडं मागवलं. बिरोबापुढे घोंगडं अंथरलं की त्यावर हात ठेवून दिलेला शब्द माणूस मागे घेत नाही. शब्द सोडवायचाच असेल तर ज्याला दिला, त्यानं त्याच घोंगड्यावर बसून ‘सुटलात’ म्हणावं लागतं. कोर्ट नाही, पोलीस नाही, पण गेल्या कित्येक पिढ्यांत कोणी असा शब्द मोडला नव्हता. दादासाहेबानं हात ठेवला, शिकवणार नाही. बिरूनं ठेवला, बांबू उचलणार नाही. सारजाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"आन् येकांदी अडली तर?"

"वा!" जयवंतरावांचा चेहरा उजळला. "तीच तर खरी गैरसोय!"

"तुमच्या जिभेला काय हाड हाय का न्हाय?" सारजाबाई म्हणाल्या. पण तात्या नात्यानं थोरले दीर. त्यांनी नुसतं बघितलं. धा-पंधरा दिवसांचा तर मामला, राजेश्वरीला अजून अवकाश होता, आणि वस्तीच्या शब्दात आपल्या घराचा खोडा नको. सारजाबाईंनी हात ठेवला, तो असा की घोंगड्याला चटका बसावा.

पुढच्याच आठवड्यात सरकारतर्फे गैरसोयीची पडताळणी करायला एक अधिकारी आले. कर्तव्यदक्ष गृहस्थ होते. त्यांनी बंद शाळा पाहिली, अंधार पाहिला आणि शेरा मारला की सदर सेवा संपापूर्वीही अस्तित्वात नसल्याचे ग्रामस्थांच्या बोलण्यावरून दिसते. जी सेवा नव्हतीच, ती संपामुळे बंद पडली असे म्हणता येणार नाही. सबब, गैरसोय फेटाळण्यात येत आहे.

शेरा बिनतोड होता. जयवंतराव दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी समितीनं तालुक्याच्या इतिहासात नोंद व्हावी असा ठराव केला. सेवा बंद करायची, तर ती आधी सुरू असली पाहिजे. त्यामुळे पांढरमाळपुरता संप स्थगित करून तिथे सर्व सेवा तातडीनं आणि उत्कृष्टपणे सुरू कराव्यात, आणि लोकांना त्यांची पुरेशी सवय झाली, की मग बंद कराव्यात.

सरकारचा आदेश असता तर गोष्ट वेगळी. हा संघटनेचा आदेश होता, तो कोण मोडणार? गुरुजी रोज सकाळी हजर होऊ लागले. फळ्याला काळा रंग लागला. पोरांना नकाशा दिसला, आणि आपला माळ त्यात नाही हे बघून ती हिरमुसली. वायरमननं वाकलेले खांब सरळ केले, तारा बदलल्या, आणि बिरूचा बांबू अनधिकृत साहित्य म्हणून काढून नेला. रात्रभर दिवा लुकलुक न करता जळायला लागला. बोअरच्या पाण्यात औषध पडलं आणि पोरांची पोटं दुखायची थांबली.

"आयला," तात्या एक दिवस देवळापुढं बसून म्हणाले, "सरकार म्हंजी लय ग्वाड चीज हाय की रं. आमाला वाटायचं, ते निस्तं मतं मागाय येतंय."

आणि नर्स आली. योगिनी तिचं नाव, नोकरीत नवीन. संघटनेनं सांगितलं म्हणून आली होती, पण आल्यावर तिला काम आवडायला लागलं. नव्या माणसाचं असं होतं कधीकधी. सारजाबाईंनी तिच्याशी पहिले काही दिवस उभा दावा मांडला. "ही काल जन्मलेली पोर मला बाळंतपण शिकवणार," असं त्या तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत.

योगिनीनं एक दिवस राजेश्वरीच्या दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला, पाऱ्याकडे पाहिलं आणि परत पाहिलं.

"आजी, हिच्या पायाला सूज कधीपासून आहे?"

"पोटुशी बाईचं पाय सुजत्यातच."

"सुजतात. ही सूज वेगळी आहे. हिचं ब्लडप्रेशर फार वाढलंय. डोकं खूप दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, की झटके येऊ शकतात. मग आई आणि मूल दोघांना धोका असतो. हिचं बाळंतपण घरी करायचं नाही, आजी. बारामतीच्या मोठ्या दवाखान्यातच."

सारजाबाई भांडायला तोंड उघडून तशाच थांबल्या. त्यांना ठमाबाई आठवली. चुलत जावेची सून, पहिलटकरीण, पाय असेच सुजलेले. डोकं धरून बसली, डोळ्यांपुढं तारे दिसतात म्हणाली, आणि मग हात-पाय ताठ करून झटके द्यायला लागली. बाहेरची बाधा म्हणून लिंबू उतरवले, अंगारा लावला. ठमाबाई सारजाबाईंच्या मांडीवर गेली. इतकी वर्षं त्या मनाला समजावत आल्या होत्या की माणसाच्या हातात काही नव्हतं. आता ही पोर पट्टा गुंडाळून सांगत होती की कुणाच्या तरी हातात होतं. फक्त ते हात बारामतीला राहत होते.

त्या दिवसापासून सारजाबाईंची आपल्या हातांवरची श्रद्धा गेली. आजवर आपल्याला काय येत नाही हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना सगळं येत होतं. रात्री लेकीच्या पायाला तेल लावताना त्या बोट दाबून सूज बघत. सकाळी योगिनी दिसली की जिवात जीव येई.

"मी आहे ना, आजी," योगिनी म्हणायची. "आठवडा आधीच जीप घेऊन येईन. दवाखान्यात सांगून ठेवलंय."

"ये गं माजी बाय," सारजाबाई म्हणायच्या, आणि भाकरी खाल्ल्याशिवाय तिला जाऊ द्यायच्या नाहीत.

असं सगळं गाव सरकारला सरावल्यावर जयवंतराव पाहणीला आले. त्यांनी चमकता फळा पाहिला, दिवे पाहिले, नर्सची वाट बघत बसलेल्या बायका पाहिल्या, आणि समाधानानं म्हणाले, "आता बंद करा."

योगिनी निरोप सांगायला आली तेव्हा उंबऱ्याच्या आत आली नाही. "आजी, संघटनेचा आदेश आहे. मी आले तर मला वाळीत टाकतील. तुम्ही वेळेवर गाडी करा."

"बाय, तुला संघटनेचा आदेश हाय," सारजाबाई म्हणाल्या. "माज्या लेकीच्या पोटातल्याला कुणाचा आदेश द्यू? आत्ता येऊ नगंस म्हणून?"

योगिनी मान खाली घालून पळसदेवच्या वाटेला लागली.

या वेळची गैरसोय मात्र अस्सल होती. शाळेला कुलूप, आणि दादासाहेब शब्दानं बांधलेला. नव्या तारा बांबूला दाद देणाऱ्या नव्हत्या, आणि बांबूही नव्हता. पोरांची पोटं पुन्हा दुखायला लागली. पूर्वी दुखायची तेव्हा ती पोटं आहेत म्हणून दुखतात असं वाटायचं. आता औषधाच्या नावानं शिव्या पडू लागल्या. पडताळणीचे अधिकारी आले, अंधारात ठेचकाळले आणि त्यांनी खूश होऊन शेरा दिला, ‘गैरसोय समाधानकारक’. जयवंतरावांनी फोटोग्राफर आणला. सुजलेल्या पायांची राजेश्वरी त्यांना फारच पसंत पडली. "ताई, चेहरा जरा अजून उतरलेला ठेवा," असं त्यांनी स्वतः सांगितलं. सारजाबाई अंगावर गेल्या नाहीत; जयवंतराव जेवढे खूश होतील तेवढा संप लवकर मिटेल, असा त्यांचा बिचाऱ्यांचा हिशेब होता.

तो बरोबरही ठरला. फोटो छापून आला आणि सरकार नमलं. गैरसोयीच्या ठिकाणी नेमणूक असलेल्या सर्व कर्मचाऱ्यांना खास भत्ता मंजूर झाला. ठिकाण गैरसोयीचं राहील तोवर भत्ता चालू, सोयीचं झालं की बंद, अशी साधी अट होती. तालुक्यातल्या प्रत्येक कर्मचाऱ्यानं ती पाठ केली, आणि आपापलं ठिकाण गैरसोयीचं राखण्याची जबाबदारी मनापासून उचलली. काम सोमवारपासून सुरू व्हायचं होतं. त्याआधी, शनिवारी, विजयी मिरवणूक. इंदापूर तालुक्याच्या कर्मचाऱ्यांची मिरवणूक बारामतीला ठेवली, कारण सगळे तिथेच राहत होते.

त्याच शनिवारी सकाळी राजेश्वरी डोकं धरून बसली. "आये," ती म्हणाली, "डोळ्यांम्होरं काजवं चमकाय लागल्यात."

सारजाबाईंनी हाक मारली ती बिरूला. बिरूनं ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, त्यात कडबा पसरला, वर वाकळ टाकली. राजेश्वरीला झोपवलं. बिरदेवतात्या चढले ते काखेत घोंगडं घेऊनच.

"ते कशाला आनि, भावजी?"

"वाटंत काय झालं तर तुजं हात बांधल्यालं हायती, सारजा. पाव्हणा बारामतीत घावल. त्येला बशीवतो आन् शब्द सोडवून घेतो. मंग तू मोकळी."

भिगवणपर्यंत राजेश्वरी शुद्धीत होती. पुढे कळा सुरू झाल्या. बारामती दिसायला लागली, दवाखाना दोन हाकांच्या अंतरावर राहिला, आणि ट्रॅक्टर थांबला. पुढे मिरवणूक होती. ढोल, ताशा, गुलाल. शिक्षक होते, ग्रामसेवक होते, वायरमन होते, पाणीपुरवठ्याचे होते, आरोग्याचे होते. आरोग्य खात्याची जीप झेंडूच्या माळांनी मढवलेली, टपावर कर्णा. अख्खं सरकार सारजाबाईंनी जन्मात पहिल्यांदा एका जागी पाहिलं. हात लांबवला तर लागलं असतं इतकं जवळ होतं, आणि त्यातलं कोणीही कामावर नव्हतं.

मागे इंदापूरहून आलेली एसटी येऊन चिकटली. आता ट्रॅक्टर पुढेही जाईना आणि मागेही.

तात्या उतरले आणि त्यांनी गुलालात जयवंतरावांपुढे घोंगडं अंथरलं. "पाव्हणं, बसा. येवढं सुटलात म्हना."

या भागात पुढाऱ्याच्या खांद्यावर घोंगडं टाकून सत्कार करण्याची पद्धत आहे. जयवंतराव गहिवरले. त्यांनी घोंगडं उचललं, झटकलं, खांद्यावर घेतलं आणि दोन्ही हात जोडले. "मित्रांनो, बघा! ज्या पांढरमाळनं आपल्यासाठी गैरसोय सोसली, तीच माणसं सत्काराला आली आहेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. तात्या ओरडत राहिले, "सत्कार न्हवं वो, बसा, खाली बसा!" पण कर्ण्यापुढे त्यांचं काय चालणार? फोटो निघाला.

ट्रॉलीत राजेश्वरीचे हात-पाय ताठ झाले. अगदी ठमाबाईसारखे.

सारजाबाईंनी पदर खोचला. "शब्द गेला चुलीत," त्या म्हणाल्या, आणि इतक्या पिढ्यांत न मोडलेला शब्द त्यांनी भर रस्त्यात मोडला. मूल त्यांच्या हातावर उतरलं. ते रडलं. पण लेक डोळे उघडेना. पुढचं आपल्या हातात नाही, हे सारजाबाईंना आता चांगलं ठाऊक होतं.

गर्दीतून गळ्यात हार घातलेली योगिनी धावत आली. तिनं ट्रॉलीत एकदा बघितलं. जीपच्या ड्रायव्हरनं सांगितलं, गाडी मिरवणुकीसाठी दिली आहे, दुसऱ्या कामाला न्यायची तर लेखी लागेल. मिरवणूक बाजूला व्हायची तर ठराव लागणार. "उचला," योगिनी म्हणाली. "वाकळीसकट उचला, माणसांतून नेऊ."

सारजाबाईंच्या हातात बाळ. एका कोपऱ्याला बिरू, एकाला तात्या, एकाला योगिनी. चौथ्याला कोणी नव्हतं. सारजाबाई बाळ पोटाशी धरून मागे एसटीकडे धावल्या. रक्तानं भरलेला हात त्यांनी खिडकीवर मारला. "दादा, येक जन उतरा! येकच गडी पायजे! लेक माजी जातीया!"

एसटीतून कोणी उतरलं नाही. शेवटी वाकळ तिघांनीच नेली. चौथा कोपरा लोंबत होता, म्हणून तात्यांनी तो दातात धरला. म्हातारा माणूस, पण धनगराचे दात.

दोघी वाचल्या. मुलगी झाली होती. राजेश्वरीनं तिसऱ्या दिवशी डोळे उघडले तेव्हा सारजाबाई लहान पोरीसारख्या हुंदके देऊन रडल्या. डॉक्टर म्हणाले, थोडा जरी उशीर झाला असता तर हातची गेली असती.

पुढे प्रकरणाची रीतसर चौकशी झाली. विनाआदेश सेवा दिली म्हणून सरकारनं योगिनीकडे खुलासा मागितला, आणि विजयाच्या दिवशी काम केलं म्हणून संघटनेनं तिचं सदस्यत्व काढलं. दोन्ही बाजूंचं एकमत झाल्याची ही त्या वर्षातली एकमेव बाब. तिची बदली झाली, आणि तिच्या जागी भत्त्यासह दुसऱ्या बाई आल्या. आल्या म्हणजे नेमल्या गेल्या. रस्ता अडल्यामुळे बाळंतिणीचे हाल झाले की नाही, यावर मात्र निर्णय होईना. माता व बालक सुखरूप असल्याने गैरसोय सिद्ध होत नाही, असं एका पक्षाचं म्हणणं. ती सिद्ध करायची तर त्रयस्थ साक्षीदार हवा. म्हणून त्या एसटीतल्या प्रवाशांनी पुढे यावं, असं जाहीर आवाहन झालं. गाडी खच्चून भरलेली होती, पण साक्षीला एकही आला नाही.

तुम्हीही आला नाहीत. तुम्ही त्या खिडकीशीच बसला होतात. बाई काहीतरी ओरडत होती, तिच्या छातीशी काहीतरी होतं, काचेवर तांबडं लागलं, तो गुलाल असावा असं तुम्हाला वाटलं. तुम्हाला पुढची गाडी पकडायची होती आणि ट्रॅक्टर हलत नव्हता. तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत, शेजाऱ्याला म्हणालात, "या देशात सरकार नावाची काही चीज आहे की नाही?" आणि काच ओढून घेतलीत.